कामाआधीचं नाव

ताहेराचा स्वभावच संशयी, त्याला कोण काय करणार? चहाचा कप समोर आला तरी ती आधी वास घेणार आणि मग ओठाला लावणार. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत द्वारकाबाई कँटीन सांभाळायची. ती म्हणायची, बाई, मला इख घालायचंच असतं तर आधी मालकाला नसतं का पाजलं? ताहेरा हसायची, पण वास घ्यायचीच.

तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. आधीच्या नोकरीत एका मैत्रिणीनं 'चांगलं चालतंय गं, घे' म्हणून दिलेलं आयतं सॉफ्टवेअर तिनं डोळे मिटून मशीनवर चढवलं होतं. त्यातून शिरलेल्या व्हायरसनं सगळ्या खात्याचं काम धुऊन नेलं, मैत्रीण नामानिराळी राहिली आणि नोकरी गेली हिची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तेव्हापासून दुसऱ्याची सीडी नाही, दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह नाही, दुसऱ्याचा शब्दसुद्धा नाही. घरी शहागंजात तिची अम्मी मेहरुन्निसा शेजारणीकडून जामन घ्यायची नाही, म्हणजे आपलं विरजण हो. दुसऱ्याच्या घरचं दही आपल्या दुधात घातलं की आपलं सगळं दही जन्मभर त्याच चवीचं होतं, असं तिचं म्हणणं. लेक आईवर गेली होती.

कंपनी मोठ्या वजनकाट्यांचे कंट्रोलर बनवायची. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की आकडा दाखवणारा जो डबा असतो ना, तो. त्या डब्यात चालणारा प्रोग्राम कुणालाही वाचता यावा म्हणून ताहेरानं स्वतःची एक छोटी भाषा तयार केली होती. गाडी थांबू दे, आकडा हलायचा थांबू दे, मग वजन छाप, अशा साध्या ओळींची. त्या ओळींचं यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करायचा तिचा कंपायलरही तिनंच लिहिला होता. चार वर्षं त्यात गेली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. का नसावा?

एका साखर कारखान्यानं हे डबे घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथले संचालक नानासाहेब स्वतः बघायला आले. मिशीवरून हात फिरवत त्यांनी त्या ओळी वाचल्या, मान डोलावली आणि मग मुद्द्याचा प्रश्न टाकला.

"ओळी कळल्या. पण ओळींचे आकडे करणारा तुमचा कंपायलर मधल्यामधे काटा मारत नाय, हे आमच्या शेतकऱ्यानं कशावरून धरायचं?"

काटा मारणं म्हणजे वजनात लबाडी. उसाच्या मुलखात याहून मोठी शिवी नाही. ताहेराला हा माणूस मनापासून आवडला, कारण तो तिच्यासारखाच होता. मग दोघा संशयी माणसांनी मिळून अट ठरवली. दोन कोऱ्या मशीन घ्यायच्या, दोन माणसं बसवायची. दोघांनी आपापल्या मशीनवर सगळी अवजारं पहिल्यापासून चढवायची आणि ताहेराच्या लिहिलेल्या ओळींपासून कंपायलर नव्यानं बांधायचा. शेवटी संगणकाकडून दोन्हींचा ठसा काढायचा. हा ठसा म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. फाईलीत तिळाएवढा फरक असला तरी ठसा पार बदलून जातो. दोन ठसे जुळले तर डबे घेणार, नाहीतर राम राम.

दुसरा माणूस म्हणून बन्सी ठरला. बन्सी कन्नड तालुक्यातला, पोलिटेक्निकमधून थेट या कंपनीत आलेला. कंपायलर म्हणजे काय, हेसुद्धा त्याला ताहेरानंच शिकवलं. कंपायलर बांधायला आधी दुसरा कंपायलर लागतो, हे ऐकून तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, म्हणजे दही लावायला आधी दही लागतं तसं. त्या एका वाक्यावर ताहेरानं त्याला हाताखाली घेतलं. तो तिला आपा म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण. कंपनीत बाकी सगळ्यांची ती मॅडम.

आता इथं ताहेरानं एक नियम केला आणि माशी तिथंच शिंकली. दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसायचं. एकानं दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही, पडदा बघायचा नाही, कामाबद्दल बोलायचंही नाही. बन्सी म्हणाला, आपा, निदान सुरुवात तरी एकत्र करू. ती म्हणाली नियम म्हणजे नियम.

काम सुरू झालं. दोघांकडे एकाच सीडीच्या प्रती होत्या. आधी मूळ कंपायलर चढवायचा, मग तुकडे जोडणारा लिंकर, मग ओळींची फोड करणारं अवजार, मग ज्याची त्याची गरज पुरवणाऱ्या लायब्ऱ्या. एखादी विसरली की पुढचं सगळं अडून बसतं आणि मशीन काय हवंय ते सरळ सांगत नाही, नव्या नवरीसारखी नुसती रुसते. फाईल कधी बनली ती वेळ फाईलीतच उतरते आणि त्यानं ठसा बदलतो, हे ताहेराला ठाऊक होतं. म्हणून तिनं आधीच दोघांसाठी एकच तारीख-वेळ बांधून दिली होती. सगळीकडून कुलपं घातली होती म्हणा ना.

आणि ठसे जुळले नाहीत.

दोघांनी पुन्हा बांधलं. पुन्हा तिचा ठसा तोच, बन्सीचा ठसा त्याचा तोच, आणि दोघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. मूळ ओळींचे ठसे तपासले, ते सारखे. सीडीचे तपासले, ते सारखे. माल तोच, कृती तीच, मग पदार्थ वेगळा कसा? कुणीतरी मधे हात घातला असणार. स्वतःचे हात तिला ठाऊक होते. राहिले कोण?

संशयाला एकदा वाट मिळाली की तो बाजारभर हिंडून येतो. बन्सी मधल्या सुट्टीत फोन घेऊन बाहेर लिंबाच्या झाडाखाली का जातो? शनिवारी गडबडीनं कन्नडची एसटी का गाठतो? काल ती दारात आल्यावर त्यानं खिशात काय सरकवलं? हे सगळं तो वर्षभर करत होता आणि तेव्हा तिला त्यात काहीच दिसलं नव्हतं. आता मात्र मनी वसे ते स्वप्नी दिसे. त्यात द्वारकाबाईनं चहा ओतता ओतता सहज सांगितलं, की बन्सीचा चुलता फकिरा त्याच कारखान्याच्या काट्यावर कामाला हाय, नाय का. बन्सीनं हे कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ताहेरानं त्या दिवशी चहा तसाच ठेवला.

कुंपणानंच शेत खाल्लं, असं तिच्या मनानं घेतलं. काट्यावर घरचा माणूस, काट्याच्या डब्यात आपला हात, मग काय कमी?

खरं तर दोन फायली शेजारी शेजारी ठेवून नेमका फरक कुठं आहे ते बघायची सोय असते. दहा मिनिटांचं काम. बन्सीनं बांधलेल्या कंपायलरची सीडी मालकाच्या कपाटातच होती. पण उत्तर आधीच ठरलेलं असलं की गणित कोण सोडवतो? ती सरळ मालकांकडे, तात्यासाहेबांकडे गेली.

तात्यासाहेबांनी बन्सीला बोलावलं. चुलत्याबद्दल विचारल्यावर त्याचा चेहरा पडला, आणि ताहेरा मनात म्हणाली, खाई त्याला खवखवे. तो म्हणाला, चुलता काट्यावर आहे हे खरं, पण तो ट्रॉल्यांची रांग लावतो, आकड्याशी त्याचा संबंध नाही. मग आधी का सांगितलं नाही, या प्रश्नावर त्यानं ताहेराकडे बघितलं.

"सांगितलं असतं तर आपांनी त्याच दिवशी मला बाहेर काढलं असतं."

तात्यासाहेबांनी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. जाताना तो ताहेराच्या खोलीच्या दारात थांबला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. एवढंच म्हणाला की आपा, ठपका ठेवा, पण आधी एकदा माझ्या मशीनवर बसून बघा. आमच्या गावात सगळ्यांचा ऊस त्याच काट्यावर जातो. काटामाऱ्या म्हणून नाव पडलं तर मला तिथं तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ती बसली त्याच्या मशीनवर, पण कशी? आधी सगळं पुसून कोरं करून. त्यानं काही पेरलं असेल तर ते आपल्या कामात यायला नको म्हणून. मग स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सीडीवरून एकेक अवजार पुन्हा चढवलं, कंपायलर बांधला आणि ठसा काढला. तो तिच्या पहिल्या ठशाशी अक्षरन् अक्षर जुळला.

झालं! मशीन तीच, माणूस बदलला आणि ठसा जुळला. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? तात्यासाहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही वाचवलंत. ताहेरा घरी गेली, अम्मीनं वाढलेलं जेवली. पण बन्सी चोर निघाला याचा आनंद होत नव्हता, आणि आपल्याला आनंद का होत नाही, याचाच तिला राग येत होता.

ठरलेल्या दिवशी नानासाहेब आले. तात्यासाहेबांनी त्यांना जुळलेले दोन ठसे दाखवले. मधल्या भानगडीबद्दल चकार शब्द काढला नाही. पण हा गडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं विचारलं, दोन माणसं ठरली होती, दुसरा कुठंय? दुसरा नाहीच, दोन्ही मशीनवर बाईच बसल्या, हे कळल्यावर तो नुसता हसला. मग एकाच बाईच्या दोन बांगड्या जुळणारच की, असं म्हणून त्यानं कारखान्याचा नवा कोरा लॅपटॉप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. आता यावर बांधा, आमच्या डोळ्यांदेखत.

ताहेराला भीती नव्हती. तिनं सगळी अवजारं चढवली. नानासाहेब खुर्ची ओढून शेजारी बसून बघत होते. काम ठेवायला एक फोल्डर करायचा होता, त्याला नाव द्यायचं होतं, तेवढ्यात त्यांनी तिचा हात थांबवला. आमच्याकडं कुठल्याही कामाला आधी भैरोबाचं नाव लागतं, म्हणाले, आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी फोल्डरला भैरोबाचं नाव दिलं. ताहेराला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाकी सगळं तिनंच केलं.

ठसा काढला. जुळला नाही.

नानासाहेबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. तात्यासाहेब तिच्याकडे बघत होते, आणि ती नजर ताहेराला चांगलीच ओळखीची होती, कारण गेला आठवडाभर ती स्वतः तशीच बघत होती. आता खोलीत बन्सी नव्हता. चुलता नव्हता, झाडाखालचा फोन नव्हता. होती ती एकटी.

मग अंगाशी आल्यावर तिनं ते केलं, जे पहिल्या दिवशी करायचं होतं. तिचा जुना कंपायलर आणि लॅपटॉपवरचा नवा, दोन्ही शेजारी शेजारी उघडले आणि पहिला फरक कुठं पडतो ते बघितलं. यंत्राच्या आकड्यांच्या गर्दीत तिथं वाचता येणारी अक्षरं होती. लॅपटॉपवरच्या फाईलीत लिहिलं होतं, भैरोबा. तिच्या फाईलीत त्याच जागी लिहिलं होतं, ७८६.

तिचे अब्बा हयात होते तेव्हा दुकानाच्या पाटीवर, सायकलच्या मडगार्डवर, तिच्या शाळेच्या पाटीच्या कोपऱ्यावर, सगळीकडे आधी हे आकडे लिहायचे. बिस्मिल्लाचे आकडे, कामाची सुरुवात. तिचा हात इतका बसला होता की नवा फोल्डर केला की नाव आपोआप तेच पडायचं. पहिल्या मशीनवर पडलं, बन्सीच्या मशीनवर ती बसली तेव्हाही पडलं. आणि अवजारांना खोड अशी, की काम ज्या फोल्डरात झालं त्याचं नाव ती गुपचूप फाईलीत लिहून ठेवतात. घड्याळाचा बंदोबस्त तिनं केला होता. स्वतःच्या हाताचा केला नव्हता.

म्हणजे काटा कुणीच मारला नव्हता.

तिनं तात्यासाहेबांकडून कपाटातली बन्सीची सीडी मागितली. फाईल उघडली, तीच जागा शोधली. गावाकडचा पोरगा, याच्याही गावात कुठला तरी देव असणारच, असं तिला वाटत होतं. तिथं लिहिलं होतं, आपा.

ती त्या अक्षरांकडे बघतच राहिली. ज्यानं काम शिकवलं त्याचं नाव घेऊन काम सुरू करावं, अशी त्याची रीत असेल. तिला काय माहीत? ती विचारायला कधी गेलीच नव्हती. त्यानं सुरुवात एकत्र करू म्हटलं, तर हिनं नियम दाखवला. त्यानं माझ्या मशीनवर बसून बघा म्हटलं, तर हिनं ती मशीन पुसून काढली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं तर चोरच नव्हता. ताहेराला स्वतःची लाज वाटली.

तिला गप्प बसता आलं असतं, हे सांगायला हवं. फोल्डरचं नाव बदलून, नवीन ठसा काढून, काहीतरी तांत्रिक होतं म्हणून हात झटकता आले असते. नानासाहेबांना काय कळणार होतं? पण ती उठली.

"बन्सीनं काही केलेलं नाही. चोरी नव्हतीच. मी न बघताच त्याला चोर ठरवलं."

मग तिनं पडद्यावरची तिन्ही नावं दोघांना दाखवली. नानासाहेबांनी भैरोबाचं नाव वाचून कानाला हात लावला आणि म्हणाले, पोरगा घेऊन या, एका खोलीत बसा आणि माझ्यासमोर पुन्हा बांधा. तात्यासाहेबांनी काढून घेतलेलं ओळखपत्र गुपचूप टेबलावर ठेवलं.

फोन बन्सीनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ताहेरा कन्नडला गेली आणि तिथून जीपनं त्याच्या गावी. बन्सीवर ठपका आल्याची बातमी तिच्या आधीच पोचली होती. नानासाहेबांना न विचारताच काट्यावरच्यांनी फकिराला तिथून काढून आत गोदामात टाकलं होतं. बन्सीची आई चतुराबाई बाहेर आली, तिनं बसायला सतरंजी टाकली आणि पेलाभर ताक आणून ठेवलं. कशाला आलात असं विचारलं नाही, बरं झालं आलात असंही म्हणाली नाही. ताहेरानं पेला उचलला आणि वास न घेता पिऊन टाकला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि येण्यासारखं त्यात होतंही काय म्हणा.

बन्सी शेतातून आला. तिनं सगळं सांगितलं, पारावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, मुद्दाम. चूक माझी, हे दोनदा म्हणाली. फकिरासाठी नानासाहेबांशी बोलते हेही सांगितलं. बन्सी खाली बघत ऐकत होता. उद्या येतो, म्हणाला.

आला. एका खोलीत, एका टेबलाशी दोघं बसले, मागं नानासाहेब आणि तात्यासाहेब. मूळ कंपायलर चढला, लिंकर चढला, लायब्ऱ्या चढल्या. बन्सीचा हात आधीसारखाच चालत होता. फोल्डर करायची वेळ आली तेव्हा ताहेरा थांबली. आज त्यानं आधी घातलेलंच नाव दोन्हीकडे घालावं, असं तिच्या मनात होतं. म्हणजे आपा. पण स्वतःच्या तोंडानं ते कसं म्हणायचं? काय नाव देऊ या, असं तिनं विचारलं.

"'काटा' टाका, मॅडम," बन्सी म्हणाला. "कामाचं नाव बरं."

तिनं ते टाकलं. त्यानंही टाकलं. दोन्ही मशीन बराच वेळ घुमत राहिल्या. मग ठसे निघाले, एकाखाली एक, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तंतोतंत सारखे. नानासाहेबांनी टेबलावर थाप मारली, तात्यासाहेबांनी द्वारकाबाईला चहा सांगितला. ताहेरानं शेजारी वळून बघितलं. बन्सी आपल्या पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा तिच्या पडद्यावरच्या ओळीशी ताडून बघत होता, एकेक अक्षर, बोट लावून. तिनंच त्याला तसं शिकवलं होतं.

"जुळलं, मॅडम," असं म्हणून तो खुर्ची मागं सारून उठला.